रेझ्युमेचा साचा आणि आपला मजकूर : सीमाभागातील उमेदवारांसाठी मार्गदर्शन

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भरतीसाठी आलेले अर्ज वाचून वेगळे करण्याचे काम मी काही वर्षे केले. एकदा टर्नरच्या दोन जागांसाठी आलेल्या अर्जांत तीन अर्ज असे निघाले की, त्यांतील पहिला परिच्छेद शब्दशः सारखा होता, छंदांच्या जागी तिन्हींवर संगीत ऐकणे आणि क्रिकेट खेळणे एवढेच होते, आणि एका अर्जाच्या तळाशी सहीच्या जागेवर दुसऱ्याच उमेदवाराचे नाव छापलेले राहिले होते. तिघांनीही एकाच झेरॉक्सच्या दुकानातून रेझ्युमे करून घेतला होता. दुकानदाराने संगणकावरची जुनी फाइल उघडून नाव, पत्ता आणि गुण तेवढे बदलून दिले होते. तिघांपैकी एकजण लेथवर अतिशय सफाईने काम करणारा होता, हे मला नंतर दुसऱ्या कारखान्यातील ओळखीच्या सुपरवायझरकडून समजले. त्याच्या कागदावर मात्र तसे सांगणारा एकही शब्द नव्हता, आणि त्याला मुलाखतीचे बोलावणे गेले नाही.

तयार टेम्पलेट वापरणे ही चूक आहे, असे यावरून कोणी समजू नये. टेम्पलेट अवश्य वापरावे, कारण मथळे कोठे असावेत, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, तारखा कोणत्या बाजूला असाव्यात या गोष्टी कोणीतरी आधीच विचारपूर्वक ठरवलेल्या असतात आणि त्यासाठी आपण वेळ घालवण्याचे कारण नाही. बेळगावला ओतकामाचे गाव म्हणून ओळखणाऱ्या वाचकाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही : पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा उठवतात तो नमुना, आकार देतो, धातू देत नाही. टेम्पलेटमधील नमुन्याची वाक्ये तशीच ठेवून पाठवलेला रेझ्युमे म्हणजे ओतकाम न करताच पॅटर्न गिऱ्हाइकाच्या हातात दिल्यासारखे आहे.

आधी वही, मग टेम्पलेट

संगणक उघडण्यापूर्वी साध्या वहीत दोन-तीन पाने भरून लिहावे, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. टेम्पलेट समोर ठेवून लिहायला बसले की रिकाम्या चौकटी भरण्याची घाई होते आणि चौकटीत जेवढे मावते तेवढेच आठवते. वहीवर मात्र हात मोकळा चालतो. ओतकामात धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठा करतात. वहीतील मजकूरही तसाच जास्तीचा असू द्यावा, नंतर त्यातून छाटता येते.

वहीत लिहिताना स्वतःला साधे प्रश्न विचारावेत. मी कोणत्या यंत्रावर, कोणत्या सॉफ्टवेअरवर किंवा कोणत्या नोंदवहीवर काम केले? दिवसाला किंवा महिन्याला किती काम होत असे? कोणती मोजमापे मी स्वतः घेत असे? माझ्या हाताखाली कोणी होते का, आणि मी कोणाला जबाबदार होतो? मी नसताना काय अडत असे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा रेझ्युमेतील सर्वांत मोलाची ओळ ठरते, आणि ते कोणत्याच टेम्पलेटमध्ये विचारलेले नसते.

उदाहरणादाखल खानापूर तालुक्यातील एक तरुण घेऊ. त्याने आयटीआयमधून टर्नर ट्रेड पूर्ण केला आहे आणि मच्छे येथील एका मशीन शॉपमध्ये तीन वर्षे सीएनसी, म्हणजे संगणकाने नियंत्रित होणाऱ्या, लेथवर काम केले आहे. टेम्पलेटमधील अनुभवाच्या चौकटीत तो लिहितो : ‘सीएनसी ऑपरेटर म्हणून काम केले, सर्व जबाबदाऱ्या व्यवस्थित पार पाडल्या.’ या वाक्यातील एकही शब्द खोटा नाही, पण ते वाचून भरती करणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. त्याच्याशी अर्धा तास बोलल्यावर कळते की, तो फानुक कंपनीचे कंट्रोल असलेल्या दोन लेथ एकाच वेळी सांभाळतो, व्हॉल्व्हच्या बॉडी बनवतो, बोअर गेज आणि मायक्रोमीटरने स्वतः माप घेतो, इन्सर्ट (कापणारे पाते) झिजल्यावर ऑफसेट (हत्याराच्या मापातील दुरुस्ती) स्वतः देतो आणि नवा प्रोग्राम लिहीत नसला तरी चालू प्रोग्राममध्ये लहान दुरुस्ती करू शकतो. मग तीच चौकट अशी भरते : ‘फानुक कंट्रोलच्या दोन सीएनसी लेथवर व्हॉल्व्ह बॉडीचे टर्निंग व बोरिंग, ०.०२ मिलिमीटर टॉलरन्सपर्यंतचे काम. बोअर गेज व मायक्रोमीटरने स्वतः तपासणी. टूल ऑफसेट व इन्सर्ट बदल सुपरवायझरच्या मदतीशिवाय.’ चाकण असो, कागलची औद्योगिक वसाहत असो की गोव्यातील वेर्णा असो, हे वाचणाऱ्या सुपरवायझरला हा मुलगा पहिल्या दिवशी कोणत्या यंत्रावर उभा करता येईल हे त्यावरून समजते.

प्रोग्राम लिहिता येत नसेल तर ‘प्रोग्रामिंग येते’ असे लिहू नये, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रत्यक्ष चाचणीत यंत्रासमोर उभे केल्यावर पाच मिनिटांत ते उघड होते आणि मग खरे लिहिलेल्या ओळींवरचाही विश्वास उडतो. ‘प्रोग्राममध्ये दुरुस्ती करता येते’ ही खरी ओळ पुरेशी वजनदार आहे.

दुसरे उदाहरण निपाणीकडचे घेऊ. बी. कॉम. झालेली एक मुलगी तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे दोन वर्षे हिशेबाचे काम पाहते. ‘अकाउंट्सचे काम, टॅलीचे ज्ञान’ एवढे लिहून ती थांबते. वास्तविक ती खरेदी-विक्रीची बिले टॅलीत चढवते, बँकेच्या खात्याशी महिन्याचा मेळ घालते, आणि दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ व २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरण्यासाठी लागणारी सर्व माहिती तयार करून कर सल्लागाराकडे देते. यातील प्रत्येक काम स्वतंत्र ओळीला पात्र आहे, आणि मुदती चुकू दिल्या नसतील तर तेही अवश्य लिहावे. मालकाची उलाढाल किंवा गिऱ्हाइकांची नावे मात्र लिहू नयेत. जी व्यक्ती जुन्या मालकाची माहिती सहज उघड करते, ती उद्या आपलीही करील, असा विचार हिशेबनीस नेमणारा माणूस करतोच.

आकडे कोठून आणायचे, असे अनेकजण विचारतात. उत्पादनाच्या रजिस्टरमध्ये, शिफ्टच्या नोंदीत, बिलांच्या क्रमांकांत ते असतात. महिन्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा बिल क्रमांक पाहिला तरी महिन्याला किती बिले झाली हे समजते. नेमका आकडा मिळाला नाही तर ‘सुमारे’ हा शब्द लावून प्रामाणिक अंदाज लिहावा; तोही करता येत नसेल तर आकडा सोडून कामाचे नेमके वर्णन करावे. कल्पनेने काढलेली टक्केवारी कधीही घालू नये.

अजिबात नोकरी न केलेल्यांनी हीच वही अधिक नेटाने भरावी. वडगाव-खासबागच्या ज्या घरांत यंत्रमाग आहेत, तेथील मुले शाळेत असल्यापासून तुटलेला धागा जोडतात, मालाची नोंद ठेवतात, व्यापाऱ्याकडे हिशेब करायला जातात. शेतकऱ्याची मुलगी डेअरीचा हिशेब सांभाळते, गावातील मंडळाच्या जमाखर्चाची वही लिहिते. ‘अनुभव नाही’ असे लिहिण्यापूर्वी या कामांकडे पाहावे; ‘घरचा व्यवसाय’ असे स्पष्ट लिहून त्याखाली दोन ओळी देण्यात कोणताही कमीपणा नाही. लग्न, बाळंतपण किंवा घरातील आजारपणामुळे मध्ये काही वर्षे गेली असतील तर तेही एका ओळीत वर्षांसह सांगावे, कारण न सांगितलेली पोकळी वाचणाऱ्याला सांगितलेल्या कारणापेक्षा अधिक खटकते.

टेम्पलेट कोणते निवडावे

वही भरल्यावरच टेम्पलेट निवडायला बसावे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘फाइल’ मेनूतील ‘न्यू’वर जाऊन रेझ्युमे असे शोधले की अनेक नमुने मिळतात, गूगल डॉक्सच्या टेम्पलेट गॅलरीतही स्विस, सेरिफ, कोरल, स्पेअरमिंट अशा नावांचे मोफत नमुने आहेत आणि गूगलचे खाते असल्यास ते थेट वापरता येतात. कॅन्व्हा या डिझाइनच्या संकेतस्थळावरील नमुने दिसायला सर्वांत देखणे असतात, परंतु तेथेच सर्वाधिक सावधगिरी हवी.

मोठ्या कंपन्या आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर आलेला रेझ्युमे बहुधा आधी संगणक वाचतो आणि त्यातील नाव, शिक्षण, अनुभव, कौशल्ये वेगवेगळी काढून घेतो. पान दोन उभ्या स्तंभांत विभागलेले असेल, मजकूर चौकोनी टेक्स्ट बॉक्समध्ये असेल किंवा फोन क्रमांक पानाच्या हेडरमध्ये घातलेला असेल, तर हे वाचन गडबडते. डाव्या स्तंभातील कौशल्य उजव्या स्तंभातील कंपनीच्या नावाला चिकटते, तर कधी फोन क्रमांक गळूनच जातो. कौशल्यापुढे पाच ठिपके काढून त्यांतील चार रंगवण्याची जी पद्धत सध्या दिसते, तिचा संगणकाला काहीच उपयोग नाही, आणि माणसालाही नाही, कारण वेल्डिंगमधील चार ठिपके म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे एकाच स्तंभाचे, साध्या मथळ्यांचे आणि कमीत कमी रंगाचे टेम्पलेट निवडावे. जाहिरात किंवा डिझाइन यांसारख्या क्षेत्रात, जेथे मांडणी हेच कौशल्य आहे, तेथे थोडी मोकळीक घेता येते.

कामाचा क्रम लावताना सर्वांत अलीकडील नोकरी सर्वांत वर, हीच मांडणी घ्यावी. तारखा न देता केवळ कौशल्यांच्या गटांत अनुभव मांडणारी टेम्पलेटेही मिळतात. परंतु अर्ज वाचताना असा कागद हाती आला की हा उमेदवार काय लपवतो आहे, हाच प्रश्न माझ्या मनात आधी येत असे. नुकतेच शिक्षण संपलेल्यांनी शिक्षण वर आणि प्रकल्प किंवा प्रशिक्षण त्याखाली घ्यावे; दोन-तीन वर्षे काम झालेल्यांनी अनुभव वर आणावा. पहिल्या दहा वर्षांच्या अनुभवापर्यंत एक पान बहुधा पुरते, त्यानंतर दोन पाने चालतात.

आणखी एक तांत्रिक बाब हमखास दुर्लक्षिली जाते. परदेशी संकेतस्थळांवरील अनेक टेम्पलेटे अमेरिकेतील ‘लेटर’ आकाराच्या कागदासाठी केलेली असतात, जो साडेआठ इंच रुंद आणि ११ इंच उंच असतो. आपल्याकडे सर्वत्र ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचा कागद वापरतात. मजकूर भरल्यानंतर कागदाचा आकार बदलला तर ओळी सरकतात आणि एका पानाचा मजकूर अवेळी दुसऱ्या पानावर जातो. म्हणून टेम्पलेट उघडल्याबरोबर, एकही अक्षर लिहिण्यापूर्वी, पेज सेटअपमध्ये जाऊन ए-४ निवडावे आणि चारही बाजूंना सुमारे दोन सेंटिमीटर जागा सोडावी.

टेम्पलेटमधील कोणत्या चौकटी काढून टाकाव्यात

आपल्या भागात रेझ्युमे आणि लग्नाचा बायोडाटा यांची अजूनही गल्लत होते. वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती यांपैकी कशाचाही खासगी नोकरीच्या रेझ्युमेशी संबंध नाही, आणि टेम्पलेटमध्ये तशा चौकटी असल्या तर त्या निःसंकोच काढाव्यात. आधार आणि पॅन क्रमांक तर कधीही लिहू नयेत. रेझ्युमेच्या झेरॉक्स प्रती कारखान्याच्या गेटपासून एजंटाच्या फोनपर्यंत कोठेही पडून राहतात. फोटो मागितला असेल तरच लावावा.

सुरुवातीला येणारे ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे नामांकित संस्थेत काम करून स्वतःची व संस्थेची प्रगती साधण्याची इच्छा, हे काढून त्याजागी तीन ओळींचा परिचय द्यावा : कोणता ट्रेड किंवा पदवी, किती वर्षांचे काम, कोणत्या यंत्राचा किंवा प्रणालीचा हातखंडा, आणि कोणत्या पदासाठी अर्ज. तळाशी येणारी ‘वरील माहिती सत्य आहे’ ही घोषणा आपल्याकडे रूढ असली तरी खासगी नोकरीसाठी आवश्यक नाही. जाहिरातीत मागितली असेल तर ठेवावी. छंदांची चौकट बहुतेकांनी सोडून द्यावी. संदर्भासाठी ज्यांची नावे द्यायची त्यांना आधी विचारून दोन नावे तयार ठेवावीत, पण ती छापू नयेत.

सरकारी भरतीचा अर्ज ही वेगळी गोष्ट आहे. तेथे ठरवून दिलेला नमुनाच भरावा लागतो आणि आपला रेझ्युमे तेथे चालत नाही. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या कर्नाटकातील ८६५ गावांतील उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या भरतीत जी तरतूद असते, तिच्यासाठीही रहिवासाचा विहित दाखला लागतो, रेझ्युमेतील ओळ पुरत नाही. म्हणून प्रत्येक जाहिरातीतील त्यासंबंधीचा परिच्छेद नीट वाचावा.

सीमाभागातील उमेदवाराने विशेष काळजी कोठे घ्यावी

कोणतेही तयार टेम्पलेट आपल्यासारख्या दोन राज्यांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या माणसासाठी केलेले नसते, आणि खरी अडचण येथेच येते. आपली मुले मराठी माध्यमाच्या शाळेत शिकतात, परीक्षा कर्नाटकाच्या मंडळाची देतात, आणि नोकरीसाठी अर्ज कोल्हापूर, पुणे, गोवा आणि बेंगळुरू या चारही दिशांना करतात. प्रत्येक ठिकाणचा वाचक वेगळा असतो.

पुण्यातील वाचकाला ‘एसएसएलसी’ आणि ‘सेकंड पीयूसी’ ही नावे परिचित असतीलच असे नाही. म्हणून ‘इयत्ता दहावी, एसएसएलसी, कर्नाटक राज्य मंडळ’ आणि ‘इयत्ता बारावी, पीयूसी द्वितीय वर्ष, कर्नाटक राज्य मंडळ’ असे पूर्ण लिहावे. गुणांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. एसएसएलसीची परीक्षा एकूण ६२५ गुणांची असते, कारण प्रथम भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १०० गुण असतात. केवळ ‘५२५ गुण’ असे लिहिले तर वाचणारा ते ६०० पैकी समजून ८७.५ टक्के धरील आणि पुढे गुणपत्रिकेत ८४ टक्के दिसल्यावर उमेदवाराने फुगवून सांगितले असा समज करून घेईल. म्हणून ‘६२५ पैकी ५२५, म्हणजे ८४ टक्के’ असेच लिहावे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठातून किंवा राणी चन्नम्मा विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी सीजीपीए गुणपत्रिकेवर आहे तसाच, किती पैकी ते सांगून लिहावा. टक्केवारी मागितली असेल तर स्वतःच्या स्कीमला (ज्या वर्षीच्या अभ्यासक्रम-नियमांनुसार शिकलो त्यांना) लागू असणारे विद्यापीठाचे सूत्रच वापरावे, मित्राच्या गुणपत्रिकेवरचे नव्हे.

गावाच्या नावाचाही प्रश्न येतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, त्यामुळे त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर एक नाव आणि नंतरच्या कागदांवर दुसरे असे अनेकांच्या बाबतीत झाले आहे. आपण बोलताना बेळगावच म्हणतो, आणि त्यात आपल्या मनातले बरेच काही गुंतलेले आहे हे मी जाणतो. परंतु रेझ्युमेचा हेतू पत्रव्यवहार आणि कागदपत्रांची पडताळणी सुरळीत होणे हा असल्यामुळे सध्याच्या पत्त्यात अधिकृत नाव लिहावे आणि जुन्या संस्थेचे नाव प्रमाणपत्रावर जसे छापले आहे तसे ठेवावे.

स्वतःच्या नावाकडे त्याहून बारकाईने पाहावे. चौगुले हे एकच आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेले आढळते, आणि कन्नडमधून इंग्रजीत उतरवलेल्या कागदावर आणखी चौथा प्रकार निघतो. गुणपत्रिकेवर आडनाव शेवटी, आधारवर आधी, बँकेच्या पासबुकावर वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर, असे असेल तर रेझ्युमेवर गुणपत्रिकेतील स्पेलिंग घ्यावे आणि ई-मेलच्या नावातही तेच ठेवावे. नोकरी लागल्यावर भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडताना नावांतील हाच फरक महिनोन्‌महिने त्रास देतो, त्यामुळे सवड असेल तेव्हा कागदपत्रांतही दुरुस्ती करून घ्यावी.

आता आपल्या बाजूची भक्कम गोष्ट. येथील सामान्य मुलगा मराठी, कन्नड, हिंदी या तीन भाषांत दिवसभर सहज वावरतो आणि त्याला इंग्रजी वाचता येते, तर खानापूरच्या पश्चिमेकडील कितीतरी घरांत कोकणीही बोलली जाते. हे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की रेझ्युमेत त्याला एकच ओळ मिळते, तीही सर्वांत शेवटी. महाराष्ट्रातील ज्या कंपनीचा माल हुबळी-धारवाडला जातो, किंवा बेंगळुरूच्या ज्या कंपनीचे गिऱ्हाईक सांगली-कोल्हापुरात आहे, तिला विक्री, सेवा आणि वाहतूक या कामांसाठी नेमका असाच माणूस हवा असतो. म्हणून भाषांची चौकट वर आणावी आणि प्रत्येक भाषेपुढे बोलणे, वाचणे, लिहिणे हे वेगवेगळे सांगावे. कन्नड बोलता येते पण लिहिता येत नाही, अशी अनेकांची स्थिती आहे. ती तशीच लिहावी. विक्रीच्या कामाला बोलणे पुरते, कार्यालयीन पत्रव्यवहाराला पुरत नाही, आणि निवड करणाऱ्याला तो फरक आधीच कळलेला बरा.

स्थलांतराबद्दलही स्पष्ट असावे. बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटरवर आहे. लांबचा उमेदवार येईल की नाही या शंकेने अनेक चांगले अर्ज बाजूला पडतात, म्हणून परिचयाच्या तीन ओळींतच ‘पुण्यात राहण्यास तयार, १५ दिवसांत रुजू होऊ शकतो’ असे, खरे असेल तरच, लिहावे. पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड एवढे पुरे; गल्ली आणि घर क्रमांक नंतर मागितले जातात.

शिकाऊ उमेदवारीबद्दलही एक शब्द सांगितला पाहिजे. आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप हे १९६१ च्या कायद्यानुसार प्रशिक्षण असते, नोकरी नव्हे. ती अनुभवाच्या मथळ्याखाली घेण्यास हरकत नाही, मात्र पदाच्या जागी ‘अप्रेंटिस’ असेच लिहावे आणि ज्या विभागांत काम केले ते विभाग क्रमाने द्यावेत.

मजकूर भरताना

आता वहीतील मजकूर टेम्पलेटमध्ये आणावा. अर्ज ज्या पदासाठी करायचा त्याची जाहिरात शेजारी उघडी ठेवावी आणि तिच्यातील शब्द आपल्या कामाला खरोखर लागू असतील तेथे तेच वापरावेत. जाहिरातीत ‘व्हीएमसी ऑपरेटर’ असेल आणि आपण व्हीएमसीवरच (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर या यंत्रावरच) काम केले असेल तर ‘मशीन ऑपरेटर’ असे मोघम लिहू नये, कारण शोधणारा माणूस आणि शोधणारा संगणक दोघेही तोच शब्द शोधत असतात. रेझ्युमे इंग्रजीत लिहीत असाल तर प्रत्येक ओळ ‘आय’ने सुरू न करता क्रियापदाने सुरू करावी, संपलेल्या नोकरीसाठी भूतकाळ आणि चालू नोकरीसाठी वर्तमानकाळ हा नियम शेवटपर्यंत पाळावा. मराठी वृत्तपत्र, शाळा किंवा सहकारी संस्थेसाठी मराठीत रेझ्युमे करायचा असेल तर तो युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करावा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली वर्डची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात.

तारखा उजव्या कडेला नेण्यासाठी स्पेसबार दाबत बसू नये; उजवा टॅब लावावा, म्हणजे मजकूर बदलला तरी तारीख जागेवर राहते. मथळ्यांसाठी टेम्पलेटमधील तयार स्टाइल्सच वापराव्यात. अक्षरांचा आकार साडेदहा ते बारा पॉइंटांच्या दरम्यान असावा; मजकूर मावत नाही म्हणून अक्षर नऊ पॉइंटांचे करण्यापेक्षा दोन ओळी कमी कराव्यात, कारण अर्ज वाचणारी व्यक्ती अनेकदा चाळिशी ओलांडलेली असते आणि दिवसाचा तो तिचा पन्नासावा कागद असतो. वर्डमध्ये ‘फाइल’ आणि मग ‘इन्फो’ येथे जाऊन ‘ऑथर’ या जागी कोणाचे नाव आहे तेही पाहावे. दुकानातून किंवा मित्राकडून आणलेल्या फाइलमध्ये तेथे त्याचेच नाव राहिलेले असते आणि ते फाइलबरोबर कंपनीपर्यंत जाते.

पाठवण्यापूर्वीच्या तपासण्या

रेझ्युमे तयार झाल्यावर त्याची पीडीएफ करावी, तिच्यातील सर्व मजकूर सिलेक्ट करून कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. नोटपॅडमध्ये नाव, फोन, परिचय, अनुभव, शिक्षण याच क्रमाने मजकूर आला तर संगणकालाही तो तसाच वाचता येईल. ओळी एकमेकींत मिसळल्या किंवा काही भाग आलाच नाही, तर टेम्पलेटमध्ये टेक्स्ट बॉक्स किंवा स्तंभ दडलेले आहेत असे समजावे आणि दुसरे टेम्पलेट घ्यावे. मजकूर वहीत असल्यामुळे टेम्पलेट बदलायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही.

त्यानंतर एक प्रत छापून तिची काळी-पांढरी झेरॉक्स काढावी. पडद्यावर सुंदर दिसणारी गडद निळी पट्टी झेरॉक्समध्ये काळी होते आणि तिच्यावरचे नाव वाचता येत नाही, हे तेथे दिसते. मग ती प्रत घरातील किंवा शेजारच्या अशा माणसाला वाचायला द्यावी ज्याला आपले काम माहीत नाही, आणि वाचून झाल्यावर ‘मी काय काम करतो?’ एवढेच विचारावे. उत्तर अडखळत आले तर परिचयाच्या ओळी पुन्हा लिहाव्यात. फोन क्रमांक दुसऱ्या फोनवरून लावून पाहावा. एक आकडा चुकल्यामुळे ज्याच्यापर्यंत पोहोचताच आले नाही, असा उमेदवार मी पाहिला आहे.

फाइलला ‘रेझ्युमे-फायनल-नवीन-२’ असे नाव न देता स्वतःचे नाव आणि पद द्यावे. जाहिरातीत वर्डची फाइल मागितली असेल तर वर्डची, अन्यथा पीडीएफ पाठवावी. ई-मेल रिकामा न ठेवता त्यात पद, अनुभव आणि फोन क्रमांक सांगणाऱ्या चार ओळी लिहाव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कागदाचा फोटो काढून कधीही पाठवू नये.

मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी, तिच्यात सर्व कामे सविस्तर असू द्यावीत, आणि प्रत्येक अर्जासाठी तिची प्रत काढून त्या पदाला लागू असलेल्या ओळी ठेवाव्यात. कोणत्या तारखेला, कोणत्या कंपनीला, कोणत्या पदासाठी, कोणती प्रत पाठवली याची नोंद त्याच वहीच्या मागच्या पानांवर करावी आणि फोनमध्येही ठेवावी. बोलावण्याचा फोन बहुतेक वेळा तीन आठवड्यांनी, आपण खानापूरच्या बसमध्ये उभे असताना किंवा शेतात असताना येतो, आणि समोरची व्यक्ती ‘तुम्ही आमच्याकडे कोणत्या पदासाठी अर्ज केला होता?’ याच प्रश्नाने सुरुवात करते.